चुकणारा मुलगा पाहिजे

सरकारी शाळांत ‘तंत्रस्नेही शिक्षक’ ही एक पदवी आहे. ती कुठलंही विद्यापीठ देत नाही. कधीतरी शिक्षण परिषदेत प्रोजेक्टर चालू होत नसतो, साहेबांचं भाषण खोळंबलेलं असतं, आणि मागे बसलेले एखादे गुरुजी उठून वायर काढतात, तिच्यावर फुंकर मारतात, परत खोचतात. पडद्यावर निळा उजेड पडतो. टाळ्या. झाले ते तंत्रस्नेही. मग निवृत्तीपर्यंत सुटका नाही. कुणाचा ओटीपी येत नाही, मुख्याध्यापकांचा पासवर्ड हरवलाय, केंद्रप्रमुखांच्या घरच्यांच्या फोनमधले बारशाचे फोटो उडालेत, सगळीकडे बोलावणं यांनाच. फुंकर एकदाच मारली, पण ती आयुष्यभर पुरते.

आमची ताई तंत्रस्नेही आहे. द्विशिक्षकी शाळा, पाचवीपर्यंतचे वर्ग, चौथी-पाचवी एकत्र तिच्याकडे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर हा लेख वाचून कुणीतरी तिला खुलासा मागेल आणि तो खुलासा मलाच लिहून द्यावा लागेल. अधूनमधून मी तिच्याकडे जातो आणि घरी बसून काय करायचं म्हणून शाळेत जाऊन मागे बसतो. मुलं मला तपासणीचे साहेब समजतात. त्यामुळे पहिला अर्धा तास फार शांततेत जातो.

शाळेत यंत्र येणं आणि ते कपाटात जाणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून खडू-फळा मोहीम निघाली. शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायला साहित्य असावं, इतकं साधं मागणं. साहित्याच्या पेट्या आल्या, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली आणि पेट्या कुलपात गेल्या. कारण भिंग फुटलं तर वसुली गुरुजींच्या पगारातून. न वापरलेलं भिंग कधीच फुटत नाही, हा त्यातला विज्ञानाचा भाग. मग टीव्ही आला. पुण्यात १९८४ साली सुरू झालेल्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम मुलांना दिसावेत हा हेतू होता. तो टीव्ही बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापकांच्या खोलीत राहिला आणि क्रिकेटच्या मोसमात त्याची प्रकृती उत्तम असे. मग संगणक आला, त्याला झालरीचं आवरण शिवलं गेलं. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून, हात मागे बांधून जायचं. आमच्या पिढीने संगणकाचं दर्शन घेतलं, वापर नंतर नोकरीत केला. २००४ साली खास शिक्षणासाठी एज्युसॅट नावाचा उपग्रह सोडला, २०११ साली ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब्लेट गाजावाजा करून आणला. उपग्रह वर गेला, ‘आकाश’ खाली आलं, शाळेच्या छपराची गळती मधल्यामधे राहिली.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि त्या सुमारास गावोगाव डिजिटल शाळांचं वारं सुटलं. यात सरकारपेक्षा लोकांचाच पैसा जास्त. गावकऱ्यांनी जत्रेची वर्गणी वळवली, मुंबईला गेलेल्या पोरांनी प्रोजेक्टर पाठवले, माजी विद्यार्थ्यांनी टीव्ही दिले. खरोखर कौतुक करावं अशी गोष्ट होती. फीत कापली, नारळ फुटला, फलक लागला. पुढच्या महिन्यात विजेचं बिल आलं आणि ते कुठून भरायचं, हे त्या फलकावर लिहिलेलं नव्हतं. शाळेच्या किरकोळ खर्चाला ‘सादिल’ म्हणून एक रक्कम मिळते. ती इतकी किरकोळ असते की तिच्यातून खडू घेतले तर डस्टर पुढच्या वर्षी. बिल थकलं, वायरमन आला, कट करून गेला. तो त्याच शाळेत शिकलेला, त्यामुळे जाताना बाईंच्या पाया पडून गेला.

शहरात या अडचणी नाहीत, तिथे दुसऱ्या आहेत. माझ्या भाच्याच्या शाळेत भिंतभर स्मार्ट बोर्ड आहे. त्याला बोट लावलं की चित्र हलतं, म्हणून मुलांनी बोट लावायचं नाही असा नियम आहे. बोट फक्त मिस लावतात. त्या बोर्डावर त्याला बी रुजताना दाखवलं. संगीत होतं, सूर्य हसत होता, मूळ खाली सरकत होतं. घरी आल्यावर त्याने मला ते सगळं सांगितलं आणि वाटीभर उसळ खाल्ली. मटकीला मोड आले होते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी यंत्राच्या विरोधात नाही. मोबाईल हातात धरून मोबाईलविरुद्ध लेख लिहिणारे लेखक बरेच आहेत, त्यांच्यात माझी भर नको. शिवाय याच मातीत चांगली उदाहरणं आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांपर्यंत गेली, आणि २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बरोबरच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली. ही बातमी वाचून आमच्या ताईचे यजमान दोन दिवस तिच्याकडे धास्तावून बघत होते, की उद्या हिला मिळालं तर ही काय करेल.

पण तो कोड पुस्तकावर येणं आणि मुलाच्या डोक्यात शिरणं यात बराच रस्ता आहे. ताईने वर्गात पुस्तक उघडून विचारलं, हे काय आहे? सगळ्या वर्गाला माहीत होतं. टपरीवर असतं, किराणा दुकानात असतं, देवळाच्या दानपेटीवर असतं. एकाने उठून विचारलं, “बाई, याला किती पाठवायचे?” पुस्तक फुकट असतं हे त्याला समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग फोन कुणाच्या घरी आहे, ही चौकशी. फोन जवळपास प्रत्येक घरी निघाला, पण तो वडिलांच्या खिशात आणि वडील रानात. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा त्याच्यात आठ टक्के बॅटरी असते, आणि ती आठ टक्के रील बघायला ठेवलेली असते. २०२४च्या ‘असर’ अहवालात देशातल्या ग्रामीण भागातलं चित्र असंच दिसतं. चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो काहीतरी अभ्यासासाठी वापरला, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. मला तर ५७ हा आकडा ऐकूनच गहिवरून आलं. मोठ्यांची पाहणी केली तर तेवढे निघणार नाहीत.

शिक्षकाच्या हातातल्या फोनची गोष्ट वेगळी. तो त्याचा स्वतःचा असतो, पॅक तो स्वतः मारतो, आणि त्यावर मालकी मात्र जिल्ह्याची. सकाळी पोषण आहारात किती मुलं जेवली ते भर. मग कुठल्यातरी दिनानिमित्त घेतलेल्या शपथेचा फोटो. मग ‘खालील लिंक आज बारा वाजेपर्यंत भरावी, अतितातडीचे’. लिंक उघडत नाही. ‘उघडत नसल्यास तसे लिंकमध्ये कळवावे’. मधल्या काळात सरकारने एक अफलातून बेत काढला होता. २०१६च्या अखेरीस आदेश निघाला, की शिक्षकांनी दर सोमवारी मुलांसोबत सेल्फी काढून शिक्षण खात्याच्या ‘सरल’ प्रणालीवर टाकायचा, एका सेल्फीत दहा मुलं. गळती कळावी हा हेतू. साठ मुलांचा वर्ग असेल तर सोमवारी सहा वेळा हसायचं. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि तो बेत बारगळला. पण फोटोची चव लागली ती लागलीच.

आता सगळ्यात जास्त मागणी आहे ती कृतियुक्त शिक्षणाच्या फोटोंना. मुलांनी स्वतः करून, बोलून, भांडून शिकावं आणि शिक्षकाने कमी बोलावं, असं हे शिक्षण. शंभर टक्के मान्य. अडचण एवढीच, की कृतीचा फोटो काढायचा तर कृती थांबवावी लागते. मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलं गोल करून चिंचोके मोजत होती, गडबड चालली होती, एकीचे चिंचोके दुसरीने ढापले होते, छान चाललं होतं. ताईला आठवण झाली, फोटो राहिला. “थांबा! हलू नका रे. हात चिंचोक्यांवर ठेवा. तू इकडे बघ. नको, इकडे नको बघू, चिंचोक्यांकडे बघ. विचार करतोय असं कर.” विचार करणारा मुलगा हनुवटीवर बोट ठेवून स्तब्ध झाला. त्याच्या शेजारची श्वास रोखून बसली. वर्गात फक्त पंखा हलत होता. फोटो गेला, वरून अंगठा आला, आणि मुलं पुन्हा मोजायला लागली तर कुणाचा किती आकडा झाला होता ते कुणालाच आठवेना.

वरिष्ठांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्याही वर कुणीतरी अंगठ्यासाठी थांबलेलं असतं.

या सगळ्यात एक गोष्ट मी अशी पाहिली, की जी पाहिल्यावर ताईच्या फोनबद्दल मला आदर वाटायला लागला. तिच्या फोनमध्ये ‘प्लिकर्स’ नावाचं एक ॲप आहे, अमेरिकेतल्या एका शिक्षकाने काढलेलं. त्यात मुलांना फोन लागतच नाही. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड. त्यावर काळ्या चौकटींची एक आकृती, क्यूआर कोडच्या चुलतभावासारखी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात चार पर्याय. जो पर्याय बरोबर वाटतो ती बाजू वर करून कार्ड छातीशी धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवला, की कुणाचं काय उत्तर आलं ते पडद्यावर नावासकट उमटतं. प्रत्येकाची आकृती निराळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. कॉपी करण्याची हजारो वर्षांची कला एका पुठ्ठ्याने संपवली. मुलांच्या बाजूचा खर्च म्हणजे झेरॉक्स आणि चिकटपट्टी.

यामागचा विचार जुना आहे. हार्वर्डमध्ये एरिक मझुर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या वर्गातली मुलं अवघड गणितं सोडवायची आणि साध्या प्रश्नाला अडखळायची. १९९१च्या सुमारास त्यांनी व्याख्यान आखडतं घेतलं. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा मत. पुढे २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-गणित शिकवण्याच्या २२५ अभ्यासांची गोळाबेरीज केली. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. म्हणजे जे हार्वर्डला कष्टाने सिद्ध करावं लागलं, ते आमच्या मराठी शाळेच्या मधल्या सुट्टीत रोज चालत असतं. फक्त मधल्या सुट्टीत प्रश्न कुणी विचारत नाही.

रेंज दारापाशी येते, म्हणून ताई दारात उभी राहिली. फळ्यावर प्रश्न: एक छेद तीन मोठा, का एक छेद चार? दोन्ही सारखे, हाही पर्याय, आणि सांगता येत नाही, हाही. कार्डं वर झाली. फोन फिरला. अर्ध्याहून जास्त वर्गाने एक छेद चारला मत दिलं होतं. चार मोठा, तर त्याचा सगळा परिवारच मोठा असणार, असा हिशोब. ताईने कुणाचं चूक आणि कुणाचं बरोबर ते सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, “निम्म्यांचं एक आहे, निम्म्यांचं दुसरं. शेजाऱ्याला पटवा.”

आणि वर्ग पेटला.

सरपंचांचा नातू एक छेद चारच्या पक्षाचा नेता होता. विरोधात एक दोन वेण्यांची मुलगी. ती म्हणाली, “एक भाकरी हाय. तिघांत वाटली तर तुकडा मोठा का चौघांत?”

“आमच्यात भाकऱ्या कमी पडत नाहीत.”

“आमच्यात पडत्यात. आत्या आली की पडत्यात.”

यावर सरपंचांच्या नातवाकडे उत्तर नव्हतं, पण मागच्या बस्करपट्टीवरून तिसरा पक्ष उभा राहिला. त्याचं म्हणणं, आत्या आली तर आत्या भाकऱ्या थापू लागते, मग उलट जास्त होतात. हा मुद्दा हार्वर्डला सुचला नसता. ताईने मध्यस्थी केली, “आत्या फक्त जेवायला आलीय असं धरा.” “असं कसं धरायचं बाई?” मुलगी चिडली, “आत्या लय काम करती.” मग भाकरी रद्द करून कागदाची पट्टी घेतली. दोन पट्ट्या, सारख्या लांबीच्या, एकीच्या तीन घड्या करायच्या आणि दुसरीच्या चार. तीन सारख्या घड्या करणं ही फार अवघड गोष्ट आहे, करून पाहा. त्यात दोन पट्ट्या फाटल्या, एकाने थुंकी लावून जोडली. पण दोन्ही तुकडे शेजारी ठेवल्यावर आवाज खाली आला. एक छेद चारचा पक्ष एकेक करून फुटू लागला. पक्षांतराची मला सवय आहे, पण पुरावा बघून झालेलं पक्षांतर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

एवढ्यात फोन वाजला. कार्यालयातून. कुठल्याशा लिंकमध्ये शाळेचं नाव लाल दिसत होतं. ताईने “वर्गात आहे साहेब” म्हणून तो ठेवला, तर लगेच त्याच्यावर एक सूचना येऊन बसली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर फोनची जागा संपल्याची. तिने मोकळ्या हाताने गणेशोत्सवातले चार व्हिडिओ उडवले आणि दुसरं मतदान घेतलं. या वेळी पडद्यावर जवळजवळ सगळे हिरवे. फक्त सरपंचांच्या नातवाच्या नावापुढे काहीच नाही. ना हिरवा, ना लाल. त्याच्या कार्डावर बघितलं तर आकृतीच्या एका कोपऱ्यावर त्याने अंगठा ठेवला होता. कोपरा झाकला की कॅमेऱ्याला वाचता येत नाही, हे त्याने स्वतः शोधून काढलं होतं. कृतीतूनच.

“अंगठा काढ.”

“बाई, मी अजून विचार करतोय.”

ताईने त्याला विचार करू दिला. मला तो वर्गातला सगळ्यात प्रामाणिक मुलगा वाटला. मतदानात तटस्थ राहण्याची सोय त्याने पुठ्ठ्यावर करून घेतली होती, आणि मधल्या सुट्टीत तो एकटा बसून पट्टीच्या घड्या करत होता. तीन, मग चार, मग पाच.

संध्याकाळी गटावर संदेश आला, ‘सर्व शाळांनी आजच्या कृतियुक्त अध्ययनाचे दोन फोटो पाठवावेत, आडवे.’ ताईने कपाळावर हात मारला. फोन दिवसभर मतदान मोजत होता, फोटो काढायला दुसरा फोन नाही. पडद्यावरचा हिरवा तक्ता पाठवला, तर उत्तर आलं, ‘मॅडम, यात विद्यार्थी दिसत नाहीत.’

मग दुसऱ्या दिवशी तोच पाठ पुन्हा. कार्डं वाटली, प्रश्न लिहिला. आता एक छेद तीन मोठा हे सगळ्यांना पाठ. सगळे गप्प आणि सगळे बरोबर. भांडण होईना. ताई म्हणाली, “अरे, काल कसं भांडत होता? तसं करा ना जरा. कुणीतरी चार म्हणा.” कुणी तयार होईना. बरोबर उत्तर आलेलं असताना चूक कोण घेणार? पोरं हुशार झाली की ही पंचाईत होते.

शेवटी सरपंचांचा नातू उभा राहिला. “बाई, मी चुकतो.”

ताईला भरून आलं. तिने त्याला मधोमध बसवलं, दोन वेण्यांवालीला समोर, हात वर करून, तोंड उघडं. मोबाईल आडवा धरला. तर पठ्ठ्याने कार्ड वर केलं ते बरोबर बाजूने.

“अरे, तू चुकणार होतास ना?”

“बाई, आज्जा ग्रुपवर हाय.”

“असू दे की. कार्डावर काय आहे ते आज्जाला कळणार आहे का?”

“आज्जाला नाही कळणार,” तो समोर बोट दाखवून म्हणाला, “हिला कळतंय. अन् ही सांगती.”